ऐकत नाही

डॉक्टरबाईंनी मुलाच्या एडीएचडीच्या, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि अतिचंचलपणाच्या, तपासणीचा दोन पानी फॉर्म हातात दिला आणि म्हणाल्या, "घरी नेऊन सावकाश भरा. तुम्ही वेगळा, बाबांनी वेगळा. एकमेकांचं बघायचं नाही." कर्वे रस्त्यावरून घरी येईपर्यंत रिक्षात मी तो वाचून काढला. रात्री मागचं आवरून झाल्यावर पेन घेऊन बसले. अर्ध्या तासाने नवऱ्याने डोकावून पाहिलं, तर एकाही चौकटीत खूण नव्हती. मी फॉर्मचं शुद्धलेखन तपासत होते.

सदाशिव पेठेत वाढलेल्या माणसाच्या हातात छापील कागद आणि पेन एकदम देऊ नये. पण भाषांतर खरंच वाईट होतं. 'मोटरने चालवल्यासारखा कायम जाण्याच्या तयारीत असतो' असं एक वाक्य होतं. ते खोडून मी वर बारीक अक्षरात लिहिलं, 'पायाला भिंगरी लावल्यासारखा हिंडत असतो.' मग त्याच्या खालचं वाक्य, मग त्याच्या खालचं. 'हातातलं काम अर्धवट टाकून दुसऱ्याच गोष्टीकडे वळतो का?' हाही एक प्रश्न होता. त्यातला एक ऱ्हस्व-दीर्घ सुधारला आणि पुढे गेले.

माझ्या खोडीला इतिहास आहे. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मी असाच एक फॉर्म मराठीत आणला होता. तेव्हा मी मिळेल ते भाषांतर करायचे, मिक्सरच्या माहितीपुस्तिकांपासून विम्याच्या अटींपर्यंत. एम.डी. करणाऱ्या एका तरुण डॉक्टरला प्रबंधासाठी लहान मुलांच्या वागण्याची प्रश्नावली मराठीत हवी होती. या कामाची पद्धत ठरलेली असते. एकाने मराठी करायचं, दुसऱ्याने मूळ न बघता त्याचं परत इंग्रजी करायचं, मग दोन्ही इंग्रजी शेजारी ठेवून कुठे काय सांडलं ते बघायचं. माझी भिंगरी परत आली ती अशी: 'मुलाच्या पायाला फिरणारं खेळणं बांधलेलं असतं का?' डॉक्टर हसून बेजार झाला. मी म्हटलं, "मोटर तुमच्याकडे ठेवा. आयांना भिंगरीच कळते." आणि ती राहिली.

अडलं ते दुसऱ्याच वाक्याशी. समोर उभं राहून बोललं तरी त्याचं ऐकण्याकडे लक्ष नसल्यासारखं वाटतं का, असा साधारण अर्थ होता. मी सुटसुटीत लिहिलं, 'सांगितलेलं ऐकत नाही.' ओपीडीतल्या बाकावर बसून पहिल्या आठवड्यात जेवढ्या आयांना विचारलं, त्यांच्यातल्या बहुतेकींनी 'नेहमी'वर बोट ठेवलं. काहींनी तर कपाळाला हात लावून. "ऐकत नाही म्हणून तर आलो ना ताई!" डॉक्टर चक्रावला. आठवडाभराने माझी ट्यूब पेटली. मराठीत कानांनी ऐकणं, मन लावून ऐकणं आणि आज्ञा पाळणं या तिन्ही गोष्टी आपण एकाच क्रियापदात बसवल्या आहेत. 'ऐकत नाही' म्हणजे त्याच्यापर्यंत पोचत नाही, की पोचून तो जुमानत नाही? पहिलं अवधानाचं दुखणं आणि दुसरं वर्तनाचं. संशोधनात त्यांची खाती वेगळी आहेत, नावं वेगळी, उपायही बरेचसे वेगळे. माझ्या एका वाक्याने दोन्हींची भेळ करून टाकली होती. शेवटी मी लिहिलं, 'जवळ जाऊन बोललं तरी त्याचं मन दुसरीकडेच असतं.' पहिल्या आठवड्याचे सगळे कागद रद्दीत गेले.

त्या कामात एक गोष्ट मात्र आपल्या भाषेनेच शिकवली. आपण लक्ष 'देतो', आणि आपलं लक्ष 'लागतं'. देणारे आपण असतो. लागतं ते आपोआप, जसा डोळा लागतो तसं. एडीएचडीच्या मुलांबद्दल सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार अशी, "क्रिकेटची मॅच असली की तीन-तीन तास हलत नाही, मग अभ्यासालाच कसं होतं?" म्हणजे नाटक करतो. पण अडचण नेमकी तिथे आहे. त्याचं लक्ष लागतं, आणि लागलं की सुटत नाही. त्याला ते देता येत नाही. हे मी त्या बाकावर बसून वहीत लिहून ठेवलं होतं आणि स्वतःवर खूश झाले होते. स्वतःच्या घरात ते ओळखायला मला दोन वर्षं लागली.

आमचा चिरंजीव नऊ वर्षांचा आहे. तिसरीत गेल्यापासून डायरीत शेरे येऊ लागले: जागेवर बसत नाही, वही अपूर्ण, डबा वर्गात विसरला. गेल्या वर्षभरात चार पाण्याच्या बाटल्या, दोन स्वेटर आणि एक डाव्या पायाचा बूट एवढं सामान गेलं. एकच बूट शाळेत कसा हरवतो, हे मला अजून समजलेलं नाही.

तर फॉर्म. त्यात मूळ अठरा वाक्यं असतात, नऊ लक्षाची आणि नऊ चळवळेपणाची. कुठल्याही एका नवातली सहा लागू पडली, ती सहा महिने टिकून असली, घर आणि शाळा अशा दोन ठिकाणी दिसली, आणि बाराव्या वर्षाच्या आत सुरू झालेली असली, तर एडीएचडीचा विचार करायचा. मी पहिला फॉर्म केला तेव्हा ही अट सात वर्षांची होती, २०१३ साली ती बारावर नेली. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने ठरवलेली ही वाक्यं. त्या अठरांत एकही 'बऱ्याचदा' या शब्दाशिवाय नाही. बऱ्याचदा वस्तू हरवतो. बऱ्याचदा मध्येच बोलतो. यावर पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीतली एक बाई मला म्हणाली होती, "बऱ्याचदा म्हंजे किती वो ताई? आकडा सांगा, मी हिशेबाने सांगते." माझ्याकडे आकडा नव्हता. डॉक्टरकडेही नव्हता. ती चार घरी कामाला जायची. मुलाला ती रात्री आठनंतर पाहायची, तेव्हा तो झोपेला आलेला असायचा. तिने 'क्वचित'वर खूण केली. त्याच्या शाळेतल्या बाईंनी त्याच वाक्याला 'नेहमी' म्हटलं होतं.

खोटं कोणीच बोललं नव्हतं. मानसशास्त्रज्ञ थॉमस अ‍ॅकनबाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली ११९ अभ्यास एकत्र करून पाहिलं की मुलाच्या वागण्याबद्दल मोठ्यांचं एकमत किती होतं. पूर्ण एकमत म्हणजे १ धरलं, तर आई आणि वडील यांच्यासारख्या एकाच भूमिकेतल्या दोघांत ते साधारण ०.६० भरलं. पालक आणि शिक्षक अशा वेगळ्या भूमिकांत ०.२८. खुद्द मूल आणि मोठे यांच्यात ०.२२. माझ्या मते या विषयातला सगळ्यात प्रामाणिक आकडा हाच. मेंदूच्या रंगीत चित्रांपेक्षा मला त्याने जास्त शिकवलं. एकाच मुलाकडे तीन खिडक्यांतून पाहिलं की तीन मुलं दिसतात. रक्ताची तपासणी नाही, स्कॅनमध्ये सापडत नाही, असतो तो हा कागद आणि तो भरणाऱ्याची सहनशक्ती.

पण म्हणून हे सगळं हल्लीचं खूळ आहे, असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. सासूबाई म्हणतात, "आमच्या वेळी नव्हतं हो असलं काही." होतं. अलेक्झांडर क्रायटन या स्कॉटिश डॉक्टरने १७९८ सालीच लिहून ठेवलंय, की काही माणसांचं लक्ष जराशा आवाजाने उडतं आणि लोक त्या अवस्थेला चुळबुळ म्हणतात. पुण्यात तेव्हा दुसऱ्या बाजीरावाची पेशवाई होती. पुढे १९०२ साली लंडनमध्ये बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी व्याख्यानांत अशा मुलांचं वर्णन केलं. बुद्धी चांगली, पण स्वतःला आवरता येत नाही. त्यांनी या दोषाला नैतिक नियंत्रणाचा दोष म्हटलं. त्यांनी तो मुलांच्या वाईटपणाचा पुरावा म्हणून सांगितला नव्हता, पण 'नैतिक' हा शब्द एकदा चिकटला तो निघता निघत नाही. मग कधी 'मेंदूची किमान इजा' झालं, कधी 'अतिचंचल प्रतिक्रिया', १९८० साली नावात 'अवधान' हा शब्द आला आणि १९८७ पासून एडीएचडी. नावं पाच झाली. पोरगं बाकावरून उठतच राहिलं.

आनुवंशिकता धरली तर जुळ्यांच्या अभ्यासांतून ती ७४ टक्क्यांच्या आसपास निघते, म्हणजे उंचीच्या जवळपास. हे वाचून मी नवऱ्याकडे पाहिलं. ज्याने लग्नाच्या दिवशी मंगळसूत्राची डबी सारसबागेसमोर रिक्षात ठेवून दिली होती, त्याच्याकडे. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि फॉर्मवरच्या माझ्या दुरुस्त्यांकडे बोट दाखवलं. आम्ही तो विषय तिथेच सोडला.

२००७ सालचा फिलिप शॉ आणि सहकाऱ्यांचा अभ्यास मला डॉक्टरबाईंनीच सांगितला. एडीएचडी असलेली २२३ मुलं आणि नसलेली २२३. मेंदूच्या बाहेरच्या थराची जाडी वाढत जाऊन एका वयात कमाल होते. इतर मुलांत ते वय साधारण साडेसात आलं, या मुलांत साडेदहा. उशीर सगळ्यात जास्त कपाळामागच्या भागात, जिथे थांबणं आणि धीर धरणं चालतं. आणि हालचाल घडवणारा भाग मात्र या मुलांत किंचित आधीच तयार. म्हणजे घोडा आधी आला आणि लगाम मागाहून. ही सरासरीची गोष्ट आहे, एका मुलाचा स्कॅन काढून त्याच्याबद्दल काही सांगता येत नाही, हेही त्यांनी लगेच बजावलं. पण ती तीन वर्षं माझ्या डोक्यात बसली.

तीन वर्षं. आणि आम्ही काय केलं होतं? प्रवेशाच्या तारखेत तो अगदी काठावर, कसाबसा बसत होता. आणखी थोडे दिवस पुढेमागे झाले असते तर पुढच्या वर्षी गेला असता. "वर्ष वाया जायला नको" म्हणून आम्ही धावपळ करून कागद पुरे केले, आणि चितळ्यांचे पेढे वाटले. वर्गातल्या थोरल्या मुलांपेक्षा तो जवळजवळ वर्षाने लहान आहे. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियामध्ये ९ लाख ३७ हजारांहून जास्त मुलांच्या नोंदी तपासल्या होत्या, २०१२ साली तो अभ्यास आला. तिथे प्रवेशाची सीमा ३१ डिसेंबर. डिसेंबरात जन्मलेल्या मुलग्यांना जानेवारीतल्या मुलग्यांपेक्षा हे निदान मिळण्याचं प्रमाण ३० टक्क्यांनी जास्त होतं, आणि मुलींमध्ये ७० टक्क्यांनी. पोराचा काही दोष नाही, फक्त तो शेजारच्यापेक्षा अकरा महिन्यांनी लहान. वाया जायला नको म्हणून वाचवलेलं ते वर्ष आता कुठल्या खात्यात टाकायचं, हे मी नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "पेढे तू वाटलेस."

मुलींचा उल्लेख झालाच आहे तर सांगते. त्या ओपीडीत महिनोन् महिने बसूनही मला मुली अगदी मोजक्या भेटल्या. एक आई मुलाला घेऊन आली होती, सोबत थोरली मुलगी. मुलगी सबंध वेळ खिडकीबाहेरच्या तारेवरचा कावळा बघत होती. तीनदा हाक मारली तेव्हा दचकली. मी आईला सहज विचारलं, हिचा फॉर्म? "छे, ती कुठे त्रास देते?" ती बाई म्हणाली. नुसतं लक्ष न लागणाऱ्या, न उड्या मारणाऱ्या मुली तपासणीपर्यंत फारशा येतच नाहीत, हे आता बहुतेक संशोधक मान्य करतात. फॉर्म भरायला आधी कोणाला तरी त्रास व्हावा लागतो.

फॉर्म घरात होता त्या आठवड्यात सगळ्यांनाच आपापलं निदान सुचलं. माझ्या आईचं ठाम मत: गोड. "डिंकाचा लाडू खाल्ला की बघ कसा उधळतो." त्यावर मी तिला १९९४ सालचा एक अभ्यास सांगितला. साखरेने आपलं मूल बिघडतं असं ज्यांचं म्हणणं होतं, अशा आया आणि त्यांची ५ ते ७ वर्षांची मुलं. अर्ध्या आयांना सांगितलं, मुलाला भरपूर साखर दिली आहे. प्रत्यक्षात एकाच्याही पेयात साखर नव्हती. ज्यांना साखर सांगितली त्यांनी मूल जास्त चळवळं असल्याचं नोंदवलं. वर त्या स्वतः मुलाच्या जास्त जवळ घुटमळल्या आणि त्याला जास्त टोकत राहिल्या. आईने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्या बायकांनी डिंकाचे लाडू कुठे केले होते?"

माझं स्वतःचं निदान रात्री दीड वाजता झालं. १९९३ पासून केईएम रुग्णालयाने पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास चालवला आहे, डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचा. त्यात जन्मलेली मुलं नऊ वर्षांची झाल्यावर त्यांच्या चाचण्या घेतल्या. ज्यांच्या आयांमध्ये गरोदरपणी बी-१२ जीवनसत्त्व सगळ्यात कमी होतं, ती मुलं आकडे क्रमाने शोधून जोडत जायच्या, म्हणजे लक्ष टिकवायच्या चाचणीत मागे पडली. आकडे उलटे म्हणून दाखवण्यातही. बाकीच्या काही चाचण्यांत फरक नव्हता. मी जन्माची शाकाहारी. उठून कपाटातली नऊ वर्षांपूर्वीची फाईल काढली, सोनोग्राफीचे सगळे कागद सापडले, बी-१२ चा एकही नाही. तपासलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी फोनवर डॉक्टरबाई म्हणाल्या, "गटाबद्दलची गोष्ट स्वतःच्या पोटावर लिहून घेऊ नका." मला ते वाक्य पटलं. रात्री परत फाईल काढली.

खरं ऐकत नसणं आमच्याकडे संध्याकाळी सात वाजता सुरू होतं. मी म्हणते वही काढ. तो 'हो' म्हणतो आणि पट्टीने पंख्याची सावली मोजतो. मी दुसऱ्यांदा म्हणते. तिसऱ्यांदा कुकरची शिट्टी होते, मी आत जाते. कटकट टळली, हे तो शिकला. आठ वाजता मी ओरडते, तो दचकून बसतो, दोन ओळी लिहितो. ओरडलं की काम होतं, हे मी शिकले. अमेरिकेत ओरेगॉनमध्ये मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन यांनी घराघरांत माणसं बसवून नेमका हाच खेळ नोंदवला. आई-बाप आणि मूल एकमेकांना रोज थोडं थोडं शिकवत राहतात, आणि दोघांनाही वाटतं की दुसरा आपलं ऐकत नाही. म्हणून पॅटरसन यांच्या उपचारात शिकवणी आधी पालकांना असते. डॉक्टरबाईंनी आम्हालाही तेच सांगितलं आहे, आठवड्याला एक सत्र. एका वेळी एकच सूचना, छोटी, जवळ जाऊन, खांद्यावर हात ठेवून. झालं की लगेच 'छान'. माझ्या वडिलांनी मला उभ्या आयुष्यात दोनदा 'बरं' म्हटलं आहे. 'छान' माझ्या तोंडातून बाहेर यायला अजून अडखळतं.

सासूबाईंची भीती मोठी आहे: "उद्या मोठा झाल्यावर वाया गेला म्हणजे?" मानसशास्त्रज्ञ टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्ये मांडलं की वाकड्या वागण्याचे दोन रस्ते असतात. पुष्कळ मुलं पौगंडावस्थेत वाकडी चालतात आणि परत येतात. थोडी मात्र लहानपणापासूनच त्या वाटेवर असतात आणि पुढेही राहतात. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या १०३७ मुलांच्या अभ्यासाचा त्यामागे मोठा आधार होता. यातलं सासूबाईंना मी फक्त पहिलं सांगितलं.

गोळीचा विषय डॉक्टरांनी अजून काढलेला नाही, घरात मात्र तो रोज निघतो. १९३७ साली ऱ्होड आयलंडमध्ये डॉ. चार्ल्स ब्रॅडली यांनी मुलांना डोकेदुखीसाठी बेन्झेड्रिन हे उत्तेजक औषध देऊन पाहिलं. डोकेदुखीवर फारसा उपयोग झाला नाही, पण बऱ्याच मुलांचा अभ्यास एकाएकी सुधारला. मुलांनीच त्यांचं नाव ठेवलं, गणिताच्या गोळ्या. आज वापरतात ते मिथाइलफेनिडेट १९४४ मध्ये लिआंद्रो पानिझोन यांनी बनवलं. बायको रीता हिच्या नावावरून ते रिटालिन झालं. अमेरिकेतल्या १९९९ सालच्या मोठ्या चाचणीत ५७९ मुलं होती. १४ महिन्यांनी मूळ लक्षणांवर नीट देखरेखीखालचं औषध नुसत्या वर्तनोपचारापेक्षा सरस ठरलं. पण तीन वर्षांनी पाहिलं तेव्हा गटांमधला फरक मावळला होता. या एकाच अभ्यासावरून नवरा गोळीच्या बाजूने भांडतो आणि मी विरुद्ध. दोघांकडेही पुरावा आहे.

आठव्या दिवशी आम्ही फॉर्म समोरासमोर ठेवले. बघायचं नाही म्हटलं होतं, पण बघितले. लक्षाच्या नऊ वाक्यांत माझी सात 'बऱ्याचदा', त्याची तीन. मी म्हटलं, तू साडेनऊला घरी येतोस. तो म्हणाला, तू सातला ओरडतेस. ०.६० सुद्धा आम्हाला जमलं नसावं.

चिरंजीव मागे येऊन उभा होता, एका पायावर. "हा माझाच फॉर्म ना? मग मी भरतो." नवऱ्याने कोरी झेरॉक्स शोधली, मिळाली नाही, म्हणून माझ्याच फॉर्मवर तिसऱ्या रंगाचं पेन दिलं. पहिल्या दोन वाक्यांना त्याने विचार करून 'कधीकधी' लिहिलं. तिसऱ्यावर थांबला. "जवळ जाऊन बोललं तरी... हे तू लिहिलंयस? ऐकू येतं मला. पण तू जेव्हा 'आणि' म्हणतेस ना, तेव्हा आधीचं जातं." मी सूचना देताना किती 'आणि' म्हणते ते मोजायला लागले. तो पुढे गेला होता.

"आई, भिंगरी म्हणजे काय?"

"गरगर फिरतं ना ते. स्पिनर. दादाने दिलेला तुला, तसं."

"माझा स्पिनर!" त्याचा चेहरा उजळला. "कुठंय तो?"

पेन टेबलावरून घरंगळत खाली गेलं. आतल्या खोलीत खण उघडल्याचा आवाज आला, मग दुसरा, मग पलंगाखालची पेटी ओढल्याचा. फॉर्म बाराव्या वाक्यापर्यंत भरला होता. नवऱ्याने घड्याळाकडे पाहिलं. मी वाकून पेन शोधायला लागले आणि सोफ्याखाली मला डाव्या पायाचा बूट सापडला.